चुंबळीला लागलेले आभाळ

मी आजवर पुष्कळ मानपत्रे लिहिली आहेत. सावली तालुक्यातल्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवली, तिथे मराठीच्या शिक्षकाकडे तीन कामे आपोआप येत. फळ्यावर सुविचार लिहिणे, पाहुण्यांचा परिचय करून देणे आणि निवृत्त होणाऱ्याचे मानपत्र तयार करणे. तिन्ही कामांत खरे बोलण्याची अपेक्षा नसते. मानपत्रातला माणूस पहिल्या परिच्छेदात कर्तव्यदक्ष असतो, दुसऱ्यात विद्यार्थिप्रिय होतो आणि शेवटच्यात दीपस्तंभ. आमच्यापासून समुद्र किती लांब आहे, हे कधी कुणी विचारले नाही.

यांतले एकच मानपत्र माझ्याकडे परत आले, आणि ते ज्यांच्यासाठी लिहिले होते त्यांनीच आणून दिले. एका ओळीवर लाल फुली होती. समासात लिहिले होते, ‘इथी चूक आहे.’ मला वाटले, जन्मतारीख असेल.

ते आमच्याकडे भौतिकशास्त्र शिकवत. काटकुळी अंगकाठी, पांढरा हाफ शर्ट आणि खिशात पेनाऐवजी सहा इंची फूटपट्टी. सहकाऱ्यांना ते विषयाच्या नावाने हाक मारत. मी ‘मराठी’. “का म्हणता मराठी, भूगोल नाई आले का आज?” भूगोल म्हणजे सव्वाशे किलोचे गृहस्थ होते आणि त्यांना हे नाव आवडत नसे. सर म्हणत, “नाव विसरते माणूस. विषय नाई विसरत.”

त्यांची दुसरी सवय जास्त त्रासदायक होती. कोणी काहीही सांगितले की ते विचारत, “कुठून?” स्टाफरूममध्ये बदल्यांची बातमी आली. “कुठून आली?” चिवडा आला. “कुठून आणला?” भूगोलांच्या पोटात दुखू लागले. “कुठून सुरू झालं?” काय, का, केव्हा हे प्रश्न त्यांना किरकोळ वाटत. “कुठून हे एकदा समजलं ना मराठी, की बाकीचं आपोआप समजते. न समजलं तं बाकीचं सगळं गप्पा.”

या सवयीचे मूळ त्यांच्या एका पेपरात होते. नागपूरला एम.एस्सी. करताना परीक्षेत प्रश्न आला होता, गॅमा किरणांचे स्फोट कोठून येतात? हे स्फोट म्हणजे सर्वांत तीव्र किरणांची लखलख. आभाळातल्या एखाद्या जागेतून येते, काही सेकंद टिकते आणि पुन्हा त्या जागेतून सहसा कधी येत नाही. जमिनीवरून दिसत नाही. चोरून होणाऱ्या अणुचाचण्या पकडायला आभाळात सोडलेल्या उपग्रहांना ती पहिल्यांदा सापडली. सरांच्या विद्यार्थिदशेत बहुतेक विद्वानांचे मत होते की स्फोट आपल्याच आकाशगंगेतून येतात. सरांनी तसे लिहिले आणि त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले.

“अन् ते उत्तर चूक निघालं,” सर सांगत. “चूक उत्तराले पूर्ण मार्क! तवापासून मले मार्कावर विश्वास नाई.” बारावीच्या मुलांसमोर हे वाक्य बोलल्याबद्दल प्राचार्यांनी त्यांना दोनदा समज दिली होती.

चूक कशी निघाली, हे त्यांना दुसऱ्याने सांगितलेले नको होते. स्वतः करून पाहायचे होते. महाविद्यालयात इंटरनेट आल्यावर त्यांना उपग्रहाने नोंदवलेल्या स्फोटांची यादी मिळाली. कोणता स्फोट आभाळाच्या कोणत्या जागी आणि किती प्रखर, एवढेच त्यात होते. ती यादी कोणालाही फुकट मिळते. माझ्या माहितीत जिल्ह्यात ती कोणी मागितली नव्हती.

आभाळ गोल म्हणून नकाशाही गोल हवा. सर कुंभाराकडे गेले. त्या दिवशी मी सोबत होतो.

“डेरा पाहिजे. मोठा. पार गोल, तोंड नसलेला.”

“तोंड नाई? पानी कुठून भरसान?”

“पाणी नाई भराचं. वरून आभाळ काढाचं हाय.”

कुंभाराने सरांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी मराठीचा असल्याने माझ्याकडून त्याला काही मदत होणे शक्य नव्हते. तो म्हणाला, “सर, तोंड नसन तं भट्टीत हवा कोंडते. फुटते ते. बोटभर भोक तं ठेवाच लागन.”

सरांचा आग्रह, भोक नको. कुंभाराने दोन डेरे बिनभोकाचे केले आणि दोन्ही भट्टीत फुटले. तिसऱ्याला बोटभर भोक ठेवले. सरांनी ते ध्रुवाच्या जागी धरले आणि म्हणाले, “घ्या. आभाळाले भोक पाडलं कुंभारानं.” कुंभार म्हणाला, “आभाळ तरी राह्यलं न सर.”

डेऱ्यावर सरांनी चुन्याने एक वाकडातिकडा पट्टा काढला. ती आकाशगंगा. आणि प्रत्येक स्फोटाच्या जागी एक टिकली. बायका कपाळाला लावतात ती. प्रखर स्फोटाला मोठी, फिक्याला बारीक. आता सर ब्रह्मचारी होते. पन्नाशीच्या ब्रह्मचाऱ्याने दर शनिवारी टिकल्यांची पाकिटे नेली तर तालुक्याच्या गावात त्याचे काय होते, हे मी सांगायला नको. दुकानातली बाई म्हणाली, “सर, जमलं का कुठी?” सर म्हणाले, “अजून नाई. सगळीकडं सारख्याच दिसून राह्यल्या.” दोन दिवसांत ही गोष्ट गडचिरोलीपर्यंत गेली, आणि ब्रह्मपुरीहून एक मध्यस्थ मुलीचा फोटो घेऊन प्रयोगशाळेत येऊन बसला. सरांनी त्याला तासभर गॅमा किरणांचे स्फोट समजावले. तो फोटो विसरून गेला.

मलाही त्यांनी ते समजावले, आणि मला ते समजले. विज्ञानातली मला समजलेली ही एकमेव गोष्ट असल्याने जपून सांगतो. सर मला धानाच्या एका बांदीत, म्हणजे बांधांनी घेरलेल्या तुकड्यात, घेऊन गेले आणि मधोमध उभे केले. धान छातीपर्यंत आले होते.

“लोंब्या कुठी कुठी दिसतेत?”

“चहूकडे.”

“डोक्यावर?”

“नाही.”

“मंग चहूकडं काऊन म्हणता? पट्ट्यात म्हणा. आपली आकाशगंगा अशीच चपटी बांदी आहे, अन् आपण तिच्यात उभे आहो. म्हणून तिच्या चांदण्या आभाळात पट्ट्यासारख्या दिसतेत. आता समजा, तुमाले डास चावून राह्यले. डास धानातून येत असतील तं कमरेशी जास्त चावतील. पण टाळूवरही तेवढेच अन् तळपायालेही तेवढेच चावले तं?”

“तर ते धानातले नाहीत.”

“मंग कुठून?”

“माझ्या अंगातूनच, नाहीतर फार लांबून.”

सर इतके खूश झाले की त्यांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. हेच डेऱ्यावर घडत होते. टिकल्या चुन्याच्या पट्ट्यावर गोळा होत नव्हत्या. वर, खाली, मागे, पुढे, सगळीकडे सारख्या पसरल्या होत्या. शिवाय बारीक टिकल्या असायला हव्यात त्यापेक्षा कमी होत्या. म्हणजे स्फोटांची वस्ती अमर्याद नव्हती, लांब कुठेतरी तिला काठ लागत होता. घर कुठे आहे हे टिकल्या सांगत नव्हत्या. कुठे नाही, ते सांगत होत्या. घराचा खरा पत्ता विद्वानांना दुसऱ्या मार्गाने मिळाला, स्फोट विझल्यावर मागे राहणारी धग सापडली तेव्हा. तो पत्ता आकाशगंगेच्या फार पलीकडचा, दुसऱ्याच दीर्घिकांमधला होता.

एवढे करून या माणसाने रात्री आभाळाकडे कधी पाहिले नाही. नऊला झोपत. “डोळ्याले जे दिसत नाई ते पाहाले जागाचं कायले?”

तो डेरा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात गेला. उद्‌घाटकांनी त्याच्याकडे पाहून “वा, आपली ग्रामीण कला!” असे उद्‌गार काढले, आणि परीक्षकांनी त्याला हस्तकला विभागात उत्तेजनार्थ बक्षीस दिले. सरांनी प्रमाणपत्र घेतले आणि विचारले, “हे कुठून सुचलं?”

आता चुंबळ. डेरा गोल असल्याने टेबलावर उभा राहीना. आमच्या प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या शेवंताबाईंनी जुन्या लुगड्याचा पीळ देऊन एक चुंबळ करून दिली, बायका घागरीखाली डोक्यावर ठेवतात तशी. डेरा तिच्यावर बसला. सर तो उचलून फिरवत, टिकली लावत, परत त्याच अंगावर ठेवत. असे वर्षभर चालले. आणि एका सोमवारी सर धावत माझ्या वर्गात आले. मी कविता शिकवत होतो. तिचे नुकसान झाले नाही.

“मराठी, आभाळात खड्डा आहे!”

खरेच होता. डेऱ्याच्या खालच्या अंगाला थाळीएवढ्या गोल जागेत जवळजवळ एकही टिकली नव्हती. सरांचा चेहरा मी तसा पुन्हा एकदाच पाहिला, त्याचे पुढे येईल. जगातल्या विद्वानांना जे दिसले नाही ते आपल्याला दिसले, असे वाटलेल्या माणसाचा चेहरा सुंदर असतो. त्याला त्या वेळी काही सांगू नये. मी सांगितले नाही. सरांनी दक्षिणेतल्या खगोलशास्त्राच्या एका मोठ्या संस्थेला इंग्रजीत पत्र लिहिले. भाषा मी तपासली, म्हणजे पापात मीही होतो.

चौथ्या दिवशी शेवंताबाई टेबल पुसायला आल्या. त्यांनी डेरा उचलून बाजूला ठेवला, चुंबळ झटकायला घेतली आणि म्हणाल्या, “अगं माय! सर, चुंबळीले पाहा किती टिकल्या लागल्यात. नवरीसारखी दिसून राह्यली.”

सरांनी चुंबळ हातात घेतली. खड्ड्यातले सगळे स्फोट तिथे होते.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. सरांनी त्याच दिवशी दुसरे पत्र पाठवले. मी कळवलेला खड्डा आभाळात नसून माझ्या चुंबळीत आहे, तरी क्षमा असावी. संस्थेचे उत्तर महिन्याने आले. त्यात सभ्यपणे म्हटले होते की उपग्रहालाही सगळे आभाळ सारखे दिसत नाही. पृथ्वी त्याच्या खाली असते आणि एक मोठा भाग झाकते. म्हणून कोणता भाग किती वेळ पाहिला, हे आधी मोजावे लागते. सरांनी पत्र सर्वांना वाचून दाखवले. “म्हणजे पाहा, पृथ्वी ही उपग्रहाची चुंबळ आहे.” त्यांनी लुगड्याची चुंबळ टिकल्यांसकट प्रयोगशाळेच्या भिंतीवर खिळ्याला टांगली. त्या दिवसापासून कोणी काही ठामपणे बोलले की ते म्हणत, “आधी चुंबळ पाहा.”

ती गोष्ट ते स्वतःच एकदा विसरले, म्हणून हे सगळे लिहितो आहे.

गावाजवळ एक मोठा मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आहे. मालगुजारांच्या वेळचा, एका अंगाला मातीची उंच पाळ, समोरच्या अंगाला उथळ पाणी आणि देवनळाचे, म्हणजे उंच बोरूंचे, बेट. ढिवर मोहल्ल्यातली घरे त्यावर जगतात. मासेमारी संस्थेचे सभासदत्व असेल तर तलावात जाळे टाकता येते, नसेल तर नाही. एका हिवाळ्यात जाळी फाटू लागली. संध्याकाळी टाकलेले जाळे सकाळी काढावे तर भगदाड, आणि मासळी गायब. एका म्हाताऱ्याने पाणमांजराचे नाव काढले. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, “पानमांजर माह्या आज्याच्या वक्ती होते. आता कुठी?” त्यांच्या मनात एक माणूस आधीच होता.

त्याचे नाव सुखदेव. पाळीच्या पूर्व टोकाला, अगदी पाण्याला लागून त्याचे घर. अध्यक्षांनी तलावावर स्वतःच्या नावाचा मोठा फलक लावला तेव्हा हा भरसभेत म्हणाला होता, “मासोळ्या वाचत नाईत जी अध्यक्ष.” त्यानंतर जे जे वाईट झाले ते सुखदेवने केले, असे अध्यक्षांना वाटे. जाळी तोच फाडतो, त्याला संस्थेतून काढा, असा ठराव येणार होता. सुखदेवकडे एकही बांदी नव्हती. तलाव गेला की सगळे गेले.

ठरावाला शिकलेल्या माणसाचे बळ असावे म्हणून अध्यक्षांनी सरांना बोलावले. सरांनी आनंदाने काम घेतले. कार्डशीटवर तलावाचा नकाशा काढला, मोहल्ल्यात घरोघर जाऊन विचारले आणि प्रत्येक फाटलेल्या जाळ्याच्या जागी उरलेल्यांपैकी एक लाल टिकली लावली. मला बोलावून दाखवले. टिकल्या पाळीच्या पूर्व टोकाला दाटीवाटीने बसल्या होत्या. समोरच्या काठावर एकही नाही.

“मराठी, या वेळी पट्टा दिसून राह्यला,” ते म्हणाले. तोच चेहरा. इतकी वर्षे सगळीकडे सारख्या टिकल्या लावलेल्या माणसाला पहिल्यांदा कुठेतरी गर्दी दिसली होती. मी म्हणालो, “स्पष्टच आहे.” भिंतीवरची चुंबळ आमच्या दोघांच्या मागे होती.

सभेत सरांनी नकाशा उभा धरला. फूटपट्टीने टिकल्या दाखवल्या. “गर्दी जिथी आहे, जाळं फाडणारा तिथून येते.” त्यांनी नाव घेतले नाही. घ्यायची गरज नव्हती. टिकल्यांच्या मधोमध एकच घर होते. अध्यक्ष म्हणाले, “हे सायन्स आहे. याच्यापुढं बोलाचं नाई कोनी.” ठराव पुढच्या रविवारी घ्यायचे ठरले.

सुखदेव उठला. नकाशाजवळ आला, आपल्या घरावर बोट ठेवले आणि हळूच म्हणाला, “सर, तुमच्या आभाळात मी एकटाच राह्यतो का?” आणि निघून गेला.

सरांनी नकाशा गुंडाळला. परत येताना सायकल हातात धरून चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा प्रयोगशाळेत नकाशा टेबलावर पसरलेला होता. शेवंताबाई पोछा मारत होत्या. त्या मोहल्ल्यातल्याच. त्यांनी आधी नकाशा वाकून पाहिला. मग पोछा पिळता पिळता म्हणाल्या, “जाळे तिथीच टाकतेत तं तिथीच फाटतीन न सर.”

“तिथीच म्हणजे?”

“पाळीच्या त्या टोकाशी खोल पानी, गाडीचा रस्ता. सगळे तिथीच टाकतेत. पल्ल्याड देवनळात कोन जाते, जाळं अटकते तं. माह्या सासूच्या घरी जाळंच नाई. तिचं आजपरेंत फाटलं नाई.”

सर नकाशावर वाकले. मग भिंतीकडे गेले आणि चुंबळ खिळ्यावरून काढली. शेवंताबाईंना वाटले, धुवायला देतात. त्यांनी ती नकाशावर ठेवली, बरोबर त्या लाल गर्दीवर. गर्दी झाकली गेली. “मराठी,” ते म्हणाले, “फाटलेले मोजले मी. टाकलेले मोजलेच नाई.”

मला वाटले, ते अध्यक्षांना एकटे गाठून सांगतील. शिकलेली माणसे चूक खाजगीत दुरुस्त करतात. सरांनी रविवारची वाट पाहिली. ठराव वाचायला सुरुवात होताच उभे राहिले.

“मागच्या सभेत मी चूक सांगतलं. सुखदेवभाऊचं नाव नाई घेतलं, पण बोट त्याच्याकडंच होतं. ते बोट चूक होतं. सुखदेवभाऊ, माफी मागतो.”

“सर,” अध्यक्ष म्हणाले, “तुमच्यासारखे शिकलेले आज एक अन् उद्या दुसरं बोलतीन तं आमी कोनाचं आयकाचं?”

“जो आपली चूक सांगते त्याचं ऐका. न बदलणारे तुमाले पुष्कळ भेटतील.”

मग त्यांनी आपली मागणी मांडली. आठ दिवस तलावाच्या चारी बाजूंना सारख्या अंतरावर सारखी जाळी टाका, देवनळाच्या बाजूलाही. आभाळ सगळीकडे सारखे पाहिल्याशिवाय टिकल्यांना अर्थ नाही. सभेला आभाळाचे कळले नाही, पण जाळ्यांचे कळले. मात्र देवनळात जायला कोणी तयार होईना. मागून सुखदेव म्हणाला, “तिकडं मी टाकतो.”

“वा!” अध्यक्ष म्हणाले. “तोच टाकन अन् तोच फाडन.”

“मी त्याच्यासंगं जातो,” सर म्हणाले.

सरांना पोहता येत नव्हते. हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. मला सांगितले, कारण घरच्या किल्ल्या माझ्याकडे ठेवायच्या होत्या.

आठ दिवस संध्याकाळी जाळी टाकायला आणि सकाळी काढायला सर सुखदेवच्या डोंग्यात बसून जात. डोंगा म्हणजे एका झाडाचा पोखरलेला बुंधा. मास्तर वर्गात कितीही वजनदार असो, डोंग्यात त्याने हलायचे नसते. मी पाळीवरून पाहत असे. पहिले तीन दिवस सुखदेव त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. चौथ्या दिवशी पाण्यावरून त्याचा आवाज आला, “सर, एकाच बाजूले वजन नका टाकू.”

“तेच शिकून राह्यलो,” सर म्हणाले.

आठ दिवसांनी सरांनी नवा नकाशा लावला. या वेळी टाकलेल्या प्रत्येक जाळ्याला पेनाने खूण होती आणि फाटलेल्यालाच टिकली. टिकल्या पाळीला होत्या, देवनळाला होत्या, दोन्ही बगलांना होत्या. कुठेच गर्दी नव्हती.

“मंग कोन फाडते?” अध्यक्षांनी विचारले.

“ते नकाशा नाई सांगत. कोणत्या घरातून नाई, एवढं सांगते. चहूकडून सारखं आहे. म्हणजे काठावरचं कोणीच नाई. जे आहे ते पाण्याच्या आत आहे, नाईतर लय दुरून येते.”

अध्यक्षांना हे उत्तर आवडले नाही. त्यांना माणूस हवा होता. पण चारी बाजूंचे घर सुखदेवकडे नव्हते, आणि ते सभेला दिसत होते. ठराव मागे पडला तो कायमचा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी सुखदेव भर तासाला वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. हातात पळसाच्या पानावर काहीतरी होते. “सर, बेटाच्या खडकावर भेटलं.” ती विष्ठा होती, खवल्यांनी आणि खेकड्यांच्या कवचांनी भरलेली, आणि तिचा वास पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पोचला. “तीन हायेत. आज पोहताना पाह्यले. पानमांजरच.” सरांनी मुलांना सांगितले, “बघा. विझल्यावर मागं राहते ती धग ही. हिच्यावरून घर सापडते.” मुलांनी नाके दाबून लिहून घेतले. पुढच्या महिन्यात तलावावर नवा फलक लागला. पाणमांजरांचे रक्षण करा. खाली अध्यक्षांचे नाव. पाणमांजरेही वाचत नाहीत, पण या वेळी सुखदेव बोलला नाही.

सर निवृत्त झाले त्या वर्षी मी मानपत्र लिहिले. ज्या ओळीवर लाल फुली होती ती ओळ अशी: ‘आपल्या वैज्ञानिक दृष्टीने आपण तलावाचा वाद लीलया सोडविला.’

“लीलया?” सर म्हणाले. “अर्धं लिहिलं तुम्ही. मी आधी एका निरपराध माणसाकडं बोट दाखवलं, ते कुठी आहे?”

“सर, हे मानपत्र आहे.”

“म्हणूनच. मान कुठून आला ते लिहा न.”

मी प्राचार्यांना विचारले. ते म्हणाले, मानपत्रात चूक? आणि फ्रेम तयार झाली आहे. तेव्हा समारंभात ‘लीलया’च वाचले गेले. व्यासपीठावर पाहुणे म्हणून मासेमारी संस्थेचे अध्यक्ष होते. शाल झाली, श्रीफळ झाले. अध्यक्षांनी भाषणात पाणमांजरे आपण शोधून काढल्याचे सांगितले. सर सत्काराला उत्तर द्यायला उठले तेव्हा त्यांच्या हातात श्रीफळ नव्हते. चुंबळ होती.

“मानपत्रात एक ओळ राह्यली,” ते म्हणाले. “मी वाचून दाखवतो.” आणि त्यांनी वाचली. टाकलेली जाळी न मोजता फाटलेली मोजली. गर्दी पाहून हरखलो. एका माणसाचा तलाव जाणार होता तो माझ्या बोटाने. शेवंताबाईंनी पोछा मारता मारता चूक दाखवली. ज्याच्यावर बोट होते त्याने डोंग्यात बसवून तलाव दाखवला. त्याची माफी मी सभेत मागितली, पण त्याने दिली की नाही, हे मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

 अशा प्रसंगी टाळ्या वाजवाव्यात की नाही, याचा आमच्याकडे रिवाज नाही. अध्यक्ष आपल्या हारातली फुले मोजत होते. सर उभेच. बसत नव्हते. ते कशाची वाट पाहत होते, हे सगळ्यांना कळत होते.

मंडपाच्या मागे जेवणाची तयारी होती. रस्सा सुखदेवकडे होता. तो पळीसकट मंडपाच्या तोंडाशी आला.

“सर,” तो ओरडला, “बसा न आता जेवाले. मासोळी थंडी होऊन राह्यली.”

सरांनी चष्मा काढून पुसला. सवय सुटली नव्हती.

“कुठून काढली?”

सुखदेव हसला. “चारी बाजूनं, सर. सारखी.”